नूडलिंग: घरट्यावर बसलेला नर हाताने ओढून काढणं थांबवावं का?

डोहकाठ (धागाकर्ता)

अमेरिकेत ओक्लाहोमा, टेक्सस, मिसिसिपी, टेनेसी, केंटकी या पट्ट्यात मोठे कॅटफिश गळ-जाळं न लावता नुसत्या हाताने धरतात. ओक्लाहोमात याला नूडलिंग म्हणतात, मिसिसिपीकडे ग्रॅबलिंग, आणखी काही ठिकाणी हॉगिंग. प्रकार जुना आहे. तिथले मूळ रहिवासी हाताला लाल कापड गुंडाळून पाण्याखालच्या खडकांच्या कपारीतून मासा कसा काढतात, हे जेम्स अडेर या व्यापाऱ्याने १७७५ साली लिहून ठेवलं आहे. आज पंधराहून अधिक राज्यांत हे कायदेशीर आहे. टेक्ससने २०११ मध्ये मुभा दिली, वेस्ट व्हर्जिनियाने २०१८ मध्ये. मिसूरीने मात्र २००५ मध्ये काही नद्यांवर प्रायोगिक हंगाम सुरू केला आणि २००७ मध्ये बंद केला.

माझं मत: मिसूरीने योग्य केलं, आणि निदान विणीच्या दिवसांत बाकीच्या राज्यांनीही हे बंद ठेवावं.

मुख्य लक्ष्य असतं फ्लॅटहेड कॅटफिश. चपटं डोकं, पुढे आलेला खालचा जबडा, पिवळट-तपकिरी ठिपकेदार अंग. पाणी साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअसवर आलं, म्हणजे मे अखेरीपासून जुलैपर्यंत, की नर एखादं बीळ, ओंडक्याची पोकळी किंवा काठाखालची कपार निवडतो आणि शेपटीने गाळ झाडून तळ साफ करतो. मादी येते, अंडी घालते आणि नर तिला हाकलून देतो. मादीच्या दर किलो वजनामागे अडीच हजारांच्या आसपास अंडी धरा. मोठ्या मादीच्या अंड्यांची संख्या लाखापर्यंत जाते. पिल्लं फुटायला सुमारे आठवडा लागतो आणि त्यापुढेही काही दिवस ती घरट्यातच गोळा होऊन असतात. एवढा सगळा काळ नर तिथून हलत नाही. पंखांनी पाणी खेळतं ठेवतो आणि आत येईल त्याला चावतो.

तुमचा हात तो चावतो तो याच कारणाने. भुकेचा तिथे संबंध नाही. म्हणजे या पद्धतीचं यशच मुळी घरट्यावर आणि राखणदारावर उभं आहे. गळाला लागलेला मासा विणीतला असेलही, नसेलही. बिळात हाताला लागलेला मोठा फ्लॅटहेड जून महिन्यात बहुतेक वेळा बाप असतो. तो नेला की ब्लूगिल हे लहान मासे आणि क्रेफिश हे झिंग्यासारखे प्राणी अंडी संपवतात. त्यांच्या तडाख्यातून जी उरतील ती गाळाने आणि बुरशीने जातात. त्यात हा मासा सावकाश पिकणारा. विणीच्या वयाला यायला चार-पाच वर्षं लागतात आणि पुढे वीस वर्षांहून जास्त जगतो. एक मोठा नर काढला तर त्याची जागा पुढच्या वर्षी भरून येत नाही.

---

रेड रिव्हरवाला

डोहकाठ, विणीचं वर्णन बरोबर आहे. निष्कर्ष मान्य नाही.

फ्लॅटहेड धरण्याच्या बाकीच्या पद्धती शेजारी ठेवून बघा. ट्रॉटलाइन म्हणजे एका लांब दोरीला ओळीने टांगलेले गळ, तिला टेक्ससमध्ये ५० गळांपर्यंत मुभा आहे. ती रात्रभर पाण्यात राहते, लहान-मोठा, नर-मादी, कॅटफिश आहे की कासव, काही बघत नाही. गळ खोल गिळलेला मासा सोडला तरी अनेकदा मरतो. जग लाइन म्हणजे रिकामी प्लास्टिकची कॅन आणि त्याला टांगलेला गळ. ती वाहून गेली की मालकाला सापडतही नाही आणि मासा तिला अडकलेला राहतो. जुन्या काळी हाताने फिरवायच्या टेलिफोनच्या मॅग्नेटोने पाण्यात करंट सोडून कॅटफिश वर आणायचे. खवले नसलेला हा मासा त्याला पटकन बळी पडायचा. ती पद्धत बेकायदा ठरली ते उत्तम झालं.

हाताच्या पद्धतीत एक माणूस, एक बीळ, एक मासा. दिवसभर पंधरा-वीस जागा तपासल्या तरी बहुतेक रिकाम्या निघतात. मासा वर आला की तिथेच मोजता येतो, नको असेल तर मिनिटभरात परत त्याच बिळाच्या तोंडाशी सोडता येतो. जबड्यात गळ नाही, पोटात काटा नाही.

शिवाय मर्यादा आहेतच. टेक्ससमध्ये फ्लॅटहेड किमान १८ इंचांचा हवा आणि दिवसाला पाचच. हात सोडून दुसरं कुठलंही साधन वापरायचं नाही, माणसाने ठेवलेली पेटी, पिंप, पाइप चालत नाही. कॅन्सासने २००७ पासून मुभा दिली ती वेगळ्या परवान्यावर, ठरावीक पाण्यांत आणि फक्त फ्लॅटहेडसाठी. हंगाम १५ जून ते ३१ ऑगस्ट, तोही सूर्योदय ते सूर्यास्त. स्नॉर्केल नाही, स्कूबा नाही, आकडा नाही. मासा पृष्ठभागावर येईपर्यंत त्याला दोरीसुद्धा लावायची नाही. एवढी बंधनं गळवाल्यांवर कुठे आहेत?

आणि जून-जुलै बंद करा म्हणणं म्हणजे अख्खी पद्धत बंद करा म्हणणं. ऑक्टोबरात बिळात मासा नसतोच. हे आडून न सांगता सरळ म्हणा.

---

डोहकाठ

सरळच म्हणतो. एखादी पद्धत फक्त घरट्यावरच चालत असेल तर तो तिचा दोष आहे, तिला सूट देण्याचं कारण नाही.

कॅन्सासच्या तारखांचं म्हणाल, तर १५ जूनला तिथे वीण ऐन भरात असते. हंगाम विणीनंतर नव्हे, विणीच्या मध्यावर सुरू होतो. ट्रॉटलाइनवर माझाही आक्षेप आहे, पण दुसरीकडे जास्त नुकसान होतं म्हणून इथलं चालवून घ्यावं असं होत नाही.

---

हॅचरी

मत्स्यबीज केंद्रातली माहिती इथे उपयोगी पडेल. चॅनल कॅटफिश फ्लॅटहेडचा नातेवाईक आहे आणि त्याची शेती मिसिसिपी, अलाबामा, अर्कान्सात मोठ्या प्रमाणावर होते. तळ्यात दुधाची जुनी कॅन किंवा तसंच भांडं आडवं ठेवतात. जोडी त्यात अंडी घालते, नर राखण करतो. कामगार दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक कॅन तपासतात आणि अंड्यांचा पिवळा चिकट गोळा काढून हॅचरीत नेतात. तिथे तारेच्या टोपल्यांत गोळे टांगून शेजारी पाती फिरवत ठेवतात. नर पंखांनी जे करतो त्याची ती यांत्रिक नक्कल. पाती थांबली तर गोळ्याच्या आतल्या अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. ती मरतात, त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढते आणि शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. म्हणून डोहकाठ म्हणतात ते खरं आहे: राखणदाराशिवाय गोळा टिकत नाही, त्याला खायला कोणी आलं नाही तरी.

आता दुसरी बाजू, ती रेड रिव्हरवाल्यांच्या विरोधात जाते. घरट्यावरच्या नराला वारंवार डिवचलं तर तो स्वतःच अंडी खातो. हॅचरीत हे चांगलं माहीत असतं, म्हणून कॅन हळूच उचलतात आणि उगाच पुन्हा पुन्हा तपासत नाहीत. त्यामुळे ‘मिनिटभरात परत सोडला’ याचा अर्थ ‘काही बिघडलं नाही’ असा होत नाही. काठीने ढोसणं, तोंड दगडांनी बंद करणं, ओढून बाहेर आणणं, फोटो, मग सोडणं. नर बिळात परत गेला तरी अंडी वाचतीलच असं नाही.

---

मुळा-मुठा

बंदीवर बोलण्याआधी प्रत्यक्षात करतात काय ते कोणी नीट सांगेल का? त्याशिवाय वाद हवेत राहील.

---

रेड रिव्हरवाला

मुळा-मुठा, सांगतो. डोहकाठांनाही यात कुठे आक्षेप आहे ते नेमकं दाखवता येईल.

जागा. चिकणमातीचा काठ खालून पोखरलेला असतो तिथे, पाण्यात पडलेल्या झाडाच्या मुळांखाली, धरणाच्या दगडी पिचिंगमध्ये, आणि सगळ्यात खात्रीची म्हणजे बोट उतरवायच्या काँक्रीटच्या उताराखाली. मोटरबोटींचे पंखे फिरून उताराच्या टोकाखालची माती निघून जाते आणि स्लॅबखाली पोकळी तयार होते. पाणी कमरेपासून छातीपर्यंत हवं. पाय टेकत नाहीत तिथे जायचंच नाही.

बिळाची ओळख. तोंड पूर्ण पाण्याखाली पाहिजे. वरचा भाग पाण्याबाहेर असेल किंवा आत हवेची पोकळी असेल तर तिथे बीव्हर, मस्करॅट (दोन्ही पाण्याकाठी राहणारे कुरतडणारे प्राणी) किंवा साप असू शकतो, ते बीळ सोडायचं. मग पायाने उंबरा चाचपायचा. मऊ गाळ, पानं, काटक्या लागल्या तर बीळ रिकामं समजा. तळ कडक आणि गुळगुळीत, झाडून काढल्यासारखा लागला तर आत मासा आहे. तो शेपटीने गाळ साठू देत नाही.

दुसरी तोंडं. हे न बघता हात घातला की मासा मागच्या बाजूने निघून जातो. जोडीदार काठ चाचपून सगळी तोंडं शोधतात आणि पायांनी, गुडघ्यांनी, वाळूच्या पोत्यांनी अडवतात. तीन माणसं लागतातच: एक धरणारा, एक त्याच्या कमरेला किंवा पायाला हात लावून असलेला, एक मागचं तोंड अडवणारा. जिथे काठी चालते तिथे ती हळू आत सरकवतात. फ्लॅटहेड काठीला धडक देतो आणि ती थाप हातात कळते. कासव असेल तर काठी धरून ठेवतं किंवा कवचावर टणक आवाज येतो. टेक्ससमध्ये ‘फक्त हात’ असा नियम आहे, तिथे काठी घरी ठेवा.

हात. अंगठी, घड्याळ, कडं काढायचं. लांब बाह्यांचा घट्ट शर्ट, पायात बूट, हातात पातळ सुती हातमोजा. जाड रबरी मोजा नको, त्याने पकड कळत नाही आणि तो अडकतो. बोटं जुळवून, तळवा खाली, हात तळालगत सावकाश सरकवायचा. मासा चावला की मागे झटका द्यायचा नाही. त्याच्या जबड्यात मोठे सुळे नसतात, बारीक दातांचे पट्टे असतात, खरकागदासारखे. हात झटकला की त्यातच कातडी सोलून निघते. अंगठा तोंडाबाहेर खालच्या जबड्याखाली, चार बोटं तोंडात, आणि घट्ट मूठ. मग दुसरा हात घालून दोन्ही हातांनी जबडा धरायचा.

बाहेर काढणं. सरळ मागे खेचलं की मासा बाजूच्या पंखांचे काटे ताठ करतो. ते खांद्यात कुलूप लागल्यासारखे अडकतात आणि मासा बिळात पाचरीसारखा बसतो. जबडा खाली दाबून, डोकं किंचित वळवून काढला तर काटे भिंतीला लागत नाहीत. तोंडाबाहेर आला की तो स्वतःभोवती गिरक्या घेतो, मनगट पिळवटतं ते तेव्हा. म्हणून लगेच छातीशी आवळून पायांनी शेपटी धरायची आणि उभं राहायचं.

ठेवायचा असेल तरच दोरी. सोडायचा असेल तर कल्ल्यांत बोट घालायचं नाही. कल्ल्याच्या लाल झालरी फाटल्या की मासा पोहत जातो आणि नंतर मरतो. एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली, मासा पाण्यातच. पंधरा-वीस किलोचा मासा जबड्याने उभा टांगला तर त्याच्याच वजनाने सांधा ताणला जातो.

---

प्रथमोपचार

कृती व्यवस्थित सांगितली आहे, पण जीव कशाने जातो ते त्यात कमी आलं. माझा विरोध त्यासाठी आहे. माशापुरता प्रश्न असता तर नियम घालून भागलं असतं.

माणूस मरतो तो बुडून. चावा, काटा, साप यांचं भय जास्त वाटतं, प्रत्यक्षात धोका अडकण्याचा आहे. हात कल्ल्याच्या कमानीत गेला आणि माशाने काटे रोवले की हात मागे येत नाही. स्लॅबखाली खांद्यापर्यंत आत गेलेल्या माणसाचं डोकं पाण्याखाली असतं. त्या स्थितीत तो ओढतो, मासा अजून घट्ट बसतो. मूठ उघडून हात आधी पुढे ढकलला तर सुटतो, पण श्वास संपत आलेल्या माणसाला पुढे ढकलणं सुचत नाही. हे कोरड्या जमिनीवर आधी करून घ्यावं लागतं.

दुसरं, बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची सवय. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यावासा वाटण्याची सूचनाच उशिरा येते आणि प्राणवायू संपून माणूस पाण्याखाली शुद्ध हरपतो. धडपड होत नाही, त्यामुळे शेजारच्यालाही कळत नाही. एक शांत श्वास, बुडी वीस-पंचवीस सेकंदांची, आणि जोडीदाराने मोठ्याने मोजायचं. ठरलेला आकडा आला की हात धरला असो वा नसो, वर.

पायाला दोरी बांधण्याचा सल्ला काही जण देतात. मुळांच्या जाळ्यात ती दोरीच गुंतते. जोडीदाराचा हात बरा.

बिळात डोकं किंवा खांदे शिरतील एवढी जागा असेल तर आत जायचं नाही. धरणाच्या खालच्या बाजूला पाणी सोडायच्या वेळा बघितल्याशिवाय उतरायचं नाही; पातळी फुटाफुटाने चढते आणि प्रवाह माणसाला त्याच कपारीत दाबतो.

जखमेबद्दल. खरचटलेल्या मनगटातून एरोमोनास हा गोड्या पाण्यातला जिवाणू शिरतो. पाण्याबाहेर आल्याबरोबर स्वच्छ पाणी आणि साबणाने भरपूर धुवावं. काटा मोडून आत राहिला असेल तर घरी कोरत बसू नये. चोवीस तासांच्या आत लाली पसरू लागली, ठणका जखमेच्या मानाने फार असला, ताप आला, तर तातडीने डॉक्टर, आणि ‘गोड्या पाण्यातल्या माशाची जखम’ हे शब्द सांगावेत. औषधाची निवड त्यावर बदलते. यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे करूच नये. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं.

---

वलगण

पालघर-ठाण्याकडच्या माणसाला हा वाद नवा नाही. पहिल्या पावसात ओढे-नाले वाहू लागले की मासे उलट्या धारेने शेतांत, चरांत चढतात ती वलगण. कोकणात चढणीचे मासे म्हणतात. तेही विणीला निघालेले असतात, पोटात गाभोळी भरलेली असते, आणि गुडघाभर पाण्यात हाताने, टोपलीने, काठीने धरले जातात. हाताने धरणं म्हणजे आपोआप सौम्य, असं म्हणणाऱ्यांनी वलगणीनंतरचा ओढा बघावा. सगळा गाव उतरला तर हातही पुरेसे असतात.

समुद्रात आपण हाच विचार मान्य केला आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, कारण तो विणीचा काळ. कोळ्यांची रोजीरोटी दोन महिने थांबते, तरी नियम आहे. ओक्लाहोमात तर बहुतेकांचा हा छंद आहे. छंदाला रोजीरोटीपेक्षा जास्त सवलत कशी द्यायची?

फरक एवढाच मानतो की चढणीचा मासा अंडी टाकून निघून जातो. फ्लॅटहेडच्या बाबतीत अंडी पडल्यावरही बाप गेला की संपलं. म्हणजे तिथे धोक्याचे दिवस आणखी वाढतात.

---

रेड रिव्हरवाला

वलगण दादा, ‘सगळा गाव उतरला तर’ हे तुमचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. इथे सगळा गाव उतरत नाही. कॅटफिश धरणाऱ्यांत गळवाले बहुसंख्य, हाताने धरणारे मूठभर. जीवशास्त्रज्ञांनी मिसिसिपीच्या नद्यांवर तपासलं तेव्हा हाताने धरल्यामुळे फ्लॅटहेडच्या आकारात किंवा संख्येत ठळक फरक पडल्याचं दिसलं नव्हतं. प्रत्येक बीळ सापडत नाही. खोल पाण्यातली, बारा-पंधरा फुटांखालची घरटी तर माणसाच्या हाताबाहेरच असतात. ती आपोआप राखीव राहतात.

प्रथमोपचार यांच्या प्रत्येक सूचनेला माझं अनुमोदन. त्यातली एकही बंदीच्या बाजूने नाही, सगळ्या शिकवण्याच्या बाजूने आहेत.

---

डोहकाठ

खोल घरटी वाचतात, हे मोठ्या जलाशयात. लहान नदीत उन्हाळ्यात सगळी खोलीच पाच-सात फूट असते आणि चांगल्या कपारी मोजक्या. त्या वर्षानुवर्षं त्याच राहतात, जाणकारांना पाठ असतात. एका नराला काढलं की आठवड्याने दुसरा तिथे येतो, कारण जागा उत्तम आहे. तोही काढतात. त्याच कपारीत एका हंगामात दोन-तीन बाप जातात. कपार चांगली असणं हेच तिथे माशाला भोवतं.

पेट्यांचं तेच. मिसिसिपीत लाकडी पेट्या बुडवून ठेवायची पद्धत आहे. साधारण चार फूट लांब, दोन फूट रुंद, एका बाजूला नऊ-दहा इंचांचं तोंड, आत वजनाला विटा. काठापासून तोंड खोल पाण्याकडे ठेवतात. फ्लॅटहेडला ती कपारच वाटते. पेटी लावणारा जागा कुठे आहे ते जाणतो, शोधायचे कष्ट नाहीत, दुसरं तोंड नाही, मासा सुटायचा प्रश्न नाही. ‘बहुतेक बिळं रिकामी निघतात’ हा तुमचा मुद्दा पेटीला लागू पडत नाही. टेक्ससने पेट्यांना मनाई केली त्यामागचा विचार मला पटतो.

आणि स्पर्धा. ओक्लाहोमात पॉल्स व्हॅली इथे २००० सालापासून स्पर्धा भरते. बक्षीस सर्वांत मोठ्या माशाला. जो नर सर्वांत मोठी कपार पकडतो, सर्वांत मोठ्या मादीशी जोडी जमवतो, त्यालाच बाहेर काढण्याला पैसे. गळाचा जागतिक विक्रम ५५.८ किलोचा आहे, कॅन्सासच्या एल्क सिटी जलाशयातला, १९९८ चा. एवढा मासा व्हायला दशकं लागतात. बक्षीस द्यायचंच तर लांबीवर द्या, पाण्यातच मोजा, तिथेच सोडा.

---

अल्तमाहा

जॉर्जियाहून लिहितो आहे. तुम्ही सगळे फ्लॅटहेड जिथला मूळचा आहे तिथलं बोलत आहात, म्हणजे मिसिसिपीचं खोरं आणि आसपासचं. अटलांटिककडे वाहणाऱ्या आमच्या नद्यांत तो माणसाने आणून सोडलेला आहे. अल्तमाहा नदीत तो पसरल्यावर रेडब्रेस्ट सनफिश आणि बुलहेड हे स्थानिक मासे झपाट्याने कमी झाले. हा मासा मुख्यतः जिवंत मासे खातो आणि तोंडात मावेल ते गिळतो. शेजारच्या सटिला नदीत तो १९९० च्या दशकात आढळला, तेव्हापासून राज्याचा मत्स्यविभाग बोटीतून कमी वारंवारितेचा विद्युतप्रवाह सोडून त्याला वर आणतो आणि काढून टाकतो.

तिथे घरट्यावरचा नर काढणं हे नुकसान नव्हे, तेच हवं आहे. अंड्यांचा गोळाही सोबत काढावा. प्रत्येक नदीत एकच नियम लावा असं म्हणणाऱ्यांनी आधी नदी कुठे जाते ते बघावं. फक्त ओळख चुकवू नका. गुदपंख आखूड आणि गोलसर, डोकं चपटं, खालचा जबडा पुढे, शेपटीला खोल खाच नाही, तो फ्लॅटहेड. शेपटी दुभंगलेली आणि गुदपंख लांब सरळ कडेचा असेल तर तो ब्लू कॅटफिश. शेपटी दुभंगलेली पण गुदपंखाची कड गोल असेल तर चॅनल.

---

हॅचरी

अल्तमाहा यांच्याशी सहमत. पण परक्या माशाचा मुद्दा ओक्लाहोमातल्या माशाविरुद्ध वापरला जाऊ नये.

मूळ प्रदेशासाठी मी मधला नियम सुचवतो, तो हाताच्याच पद्धतीत शक्य आहे. गळाला हे जमत नाही. हात आत गेल्यावर माशाच्या आधी किंवा बाजूला तळाशी मऊ, लिबलिबीत, साबुदाण्याच्या घट्ट खिरीसारखा गोळा बोटांना लागतो. तो अंड्यांचा. तो लागला की हात मागे, तोंडावरचे दगड काढा, जागा सोडा. गोळा नसेल तर मासा अजून विणीच्या तयारीत आहे किंवा पिल्लं निघून गेली आहेत. त्यातही बिळात दोन मासे असले तर जोडी जमली आहे, तेव्हाही सोडा. काठीने ढोसून बघणं बंद, कारण काठीला गोळा कळत नाही आणि ती तो फोडते.

---

रेड रिव्हरवाला

गोळा लागला की हात मागे, हे मला मान्य आहे. शिकवताना पहिल्या दिवशी सांगावं असं आहे. त्याच्या जोडीला वरची मर्यादा हवी: ठरावीक लांबीपुढचा एकच मासा दिवसाला. खायला तसेही दोन ते सहा किलोचे मासे चांगले. मोठ्या माशाच्या मांसात पिवळी चरबी आणि कडेचा लाल पट्टा जास्त, तो काढून टाकावा लागतो. काही पाण्यांत मोठ्या कॅटफिशबद्दल पाऱ्याच्या सूचनाही लावलेल्या असतात.

पण हे कायद्यात आणणं अवघड. नियम तपासणाऱ्या वॉर्डनला पाण्याखालचा गोळा दिसत नाही. काठावर मोजता येते ती लांबी आणि संख्या.

---

डोहकाठ

वॉर्डनला दिसत नाही म्हणूनच तारखा लागतात. तारीख काठावरून तपासता येते.

मात्र एकच तारीख अख्ख्या राज्याला नको. दक्षिण टेक्ससमध्ये पाणी मे महिन्यातच तापतं, कॅन्सासच्या उत्तरेला जूनच्या मध्यावर. तळ्याप्रमाणे, पाण्याच्या तापमानावर बंदी ठेवा: सकाळचं तापमान सलग काही दिवस २४ अंशांवर गेलं की बंद आणि पुढे चार आठवडे बंद. तोवर जोड्या जमून पिल्लं बाहेर पडलेली असतील. तुम्ही म्हणाल, मग बिळात उरलं काय? उशिरा विणणारे मासे उरतील, ते थोडे असतील. पेट्या सर्वत्र बंद, स्पर्धा त्या चार आठवड्यांत नाही. अल्तमाहा आणि सटिलासारख्या नद्या यातून वगळा.

---

रेड रिव्हरवाला

चार आठवडे जास्त होतात. पेट्या बंद, स्पर्धेत लांबीवर बक्षीस, एकच मोठा मासा आणि गोळ्याचा नियम, एवढ्यावर मी सही करतो. तापमानाच्या बंदीवर नाही. ती लावायची तर त्याच चार आठवड्यांत ट्रॉटलाइन आणि जग लाइनही काढा. घरट्याबाहेर पडलेल्या माद्या तेव्हा त्याच गळांना लागतात.

---

डोहकाठ

ट्रॉटलाइन आणि जग लाइन त्या चार आठवड्यांत काढायला माझी हरकत नाही. तुमच्या यादीत ती घाला, माझ्या यादीत बंदी राहू दे.